जन्मतारखेचा रकाना



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून आपल्याकडे व्याख्यानमालांतून थोरामोठ्यांची चरित्रे सांगण्याचा प्रघात पडला, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता त्यांचे चरित्र कोणत्याही ग्रंथात नाही. त्या कोयनेच्या खोऱ्यातील एका गावी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवीत होत्या. आपण त्यांना ‘बाई’ म्हणत होता. शाळेच्या उंबरठ्याच्या आत मीही त्यांना बाईच म्हणत असे, आणि उंबरठा ओलांडून बाहेर आलो की आजी. हा नियम तिनेच घालून दिलेला होता, आणि सात वर्षांत एकदाही माझ्याकडून तो मोडला नाही. आज मात्र आपल्या अनुज्ञेने मी तिला आजीच म्हणणार आहे.

तिच्याविषयी बोलताना तिची माया, तिचा स्वर, तिच्या हातच्या नाचणीच्या भाकरीची चव यांविषयी मी पुष्कळ बोलू शकेन. तरीही फार दिवस विचार करून मी आजच्या व्याख्यानासाठी एकच विषय निवडला आहे, आणि तो म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरातील एक रकाना. दाखल क्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मस्थळ असे रकाने ओलांडत गेले म्हणजे जन्मतारखेचा रकाना येतो. प्रथम अंकी आणि मग अक्षरी. या एका रकान्याशी आजी आयुष्यभर ज्या निष्ठेने वागली, त्या निष्ठेत तिचे सारे शिक्षिकापण आणि, मला वाटते, तिचे आजीपणही साठवलेले होते.

ती शिक्षिका कशी झाली हे थोडक्यात सांगतो. अकराव्या वर्षी लग्न, पुढे मुलगा झाला, आणि तो रांगत असतानाच वैधव्य. त्या काळी अशा मुलीपुढे माहेरच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा एवढेच भविष्य असे. परंतु सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींपुढे उभे राहून जी वाट पाडली, ती तोवर पुष्कळ रुळली होती. १८७० साली पुण्यास स्त्री-शिक्षिका तयार करण्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघाले होते, अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातून विधवा मुली शिकून बाहेर पडत होत्या, आणि १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभे केले होते. आजीच्या थोरल्या भावाने घरच्यांचा रोष पत्करून तिला सेवासदनात नेऊन घातले. मुलगा तिच्या आईपाशी राहिला. तेथे ती फायनल झाली, ट्रेन्ड झाली, आणि १९३२ साली सातारा जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाचा नेमणुकीचा हुकूम घेऊन, एक वळकटी, एक ट्रंक आणि एक मुलगा यांसह खोऱ्यातल्या त्या गावी उतरली. आठ महिने हिरवे आणि त्यांपैकी चार महिने जगापासून तुटलेले असे ते गाव. शाळा देवळाच्या ओवरीत भरत असे.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने दप्तर तपासले, आणि जनरल रजिस्टर उघडताच तिच्या लक्षात आले की पानामागून पान मुलांच्या जन्मतारखा एकच आहेत. साल निरनिराळे, दिवस मात्र तोच: १ जून.

श्रोतेहो, महाराष्ट्रात जन्मलेल्या आपल्यापैकी कोणासही या तारखेचे रहस्य सांगावयास नको. शाळा जूनमध्ये उघडत, दाखल करण्याचे वय त्याच सुमारास मोजले जाई, आणि मुलाला खांद्यावर घालून आणणाऱ्या बापास तारीख विचारावी तर तो मुलाच्या दातांकडे बोट दाखवी. मग मास्तर अंदाजाने साल धरीत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. आजही दरवर्षी ३१ मे या दिवशी आपल्या कचेऱ्यांतून निवृत्तीच्या समारंभांची जी दाटी होते ती त्या लेखणीमुळेच. मी त्या मास्तरांना दोष देत नाही. चार इयत्ता आणि ऐंशी मुले एकट्याने सांभाळणाऱ्या, शिवाय गावचे टपाल, तगाईचे अर्ज आणि सोयरिकीची पत्रे लिहून देणाऱ्या माणसाने प्रत्येक मुलाची जन्मवेळ शोधीत हिंडावे ही अपेक्षा सामान्य माणसाकडून करता येत नाही.

आजीने मात्र ती अपेक्षा स्वतःकडून केली. पोलीस पाटलाकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत जे सापडेल ते ती प्रथम पाही. परंतु त्या नोंदवहीत मुलाचे नाव नसे, केवळ अमक्याला मुलगा झाला एवढेच असे, आणि वाडीवस्तीवरचा जन्म पाटलाच्या कानी पोहोचेपर्यंत महिना उलटलेला असे. मग ती मुलाच्या घरी जाई. तारीख ती कधीच विचारीत नसे. ती आईला विचारी, “त्या दिवशी तू काय करीत होतीस?” कारण तिचे म्हणणे असे की बाळंतपणाचा दिवस कोणतीही बाई विसरत नाही, तिला केवळ इंग्रजी महिन्यांची नावे ठाऊक नसतात.

या एका प्रश्नातून काळाची केवढी संपत्ती तिच्यापुढे उलगडत असे! कोणी मानमोडीच्या साथीचे साल सांगे, कोणी प्लेगात गाव शिवारात जाऊन राहिले त्या दिवसांचे. कोणी कन्यागताचे, ज्या वर्षी कृष्णाकाठी यात्रेला गेलो आणि वाटेतच पोटात दुखू लागले. १९४२ नंतर एक बाई म्हणाली की वडूजला मोर्चावर गोळीबार झाल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या बाजारी. सालाचा असा निश्चय झाला म्हणजे ऋतूकडे वळावयाचे. आमच्याकडचे शेतकरी पावसाची नक्षत्रे मोजतात, आणि ती सूर्याच्या गतीवर चालत असल्यामुळे इंग्रजी तारखांशी त्यांचा मेळ दरवर्षी जवळजवळ सारखाच बसतो. मृग निघाला होता म्हटले की जूनचा पहिला आठवडा उलटत आलेला, तरणा पाऊस म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा, म्हातारा म्हणजे दुसरा. अशा रीतीने पंधरवडा हाती आला की सण, उपास आणि बाजाराचा वार यांच्या साहाय्याने दिवस गाठावयाचा. त्यासाठी तिने सोलापूरच्या दाते पंचांगाच्या मागल्या सालांच्या प्रती मिळवून एका जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या होत्या. घरात देव्हाऱ्याखालोखाल जपलेली वस्तू ती.

या विद्येचा धडा मला एकदाच मिळाला, आणि तो मी कसा घेतला ते सांगितले पाहिजे. मी चौथीत होतो. स्कॉलरशिप परीक्षेचे अर्ज भरावयाचे होते, आणि माझे अक्षर वळणदार म्हणून मसुद्यावरून स्वच्छ प्रती करण्याचे काम आजीने माझ्याकडे दिले होते. माझ्याच वर्गात वरच्या सड्यावरच्या वस्तीतील एका गवळी धनगराचा मुलगा होता. गणितात तो माझ्यापुढे. तो त्याच वर्षी मध्येच दुसऱ्या वाडीतील शाळेतून आला होता, आणि त्याच्या तारखेचा रकाना आजीने पेन्सिलीची एक फुली करून कोरा ठेवला होता. मला खेळावयास जाण्याची घाई होती. मी तेथे १ जून लिहिले.

आजीने प्रत पाहिली. ती मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे तिने मला उठवले, फडक्यात भाकरी बांधली, पंचांगांच्या गाठोड्यातून दोन प्रती काढून पदराखाली घेतल्या, आणि आम्ही दोघे सड्याकडे निघालो. उभ्या चढाची सहा मैलांची वाट. वर पोहोचलो तेव्हा मुलाची आई म्हशींखालचे शेण काढीत होती. बाई घरी आल्या हे पाहून ती इतकी गडबडली की तिने हात न धुताच घोंगडी अंथरली.

आजीने नेहमीचा प्रश्न विचारला. ती बाई थोडा वेळ दरीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “तारीख आमास्नी काय ठावं, बाई? पर नागपंचमी झाली हुती आन् राखीपुनव याची हुती. धुकं असं, की म्हस हाताला लागंना. धरणाकडनं सुरुंगांचं आवाज याया लागलं ते बी त्याच साली.”

“त्या दिवशी चूल पेटली होती का तुझ्याकडे?”

“सांच्याला पेटली की. मालकांचा सोमवार हुता न्हवं!”

आजीने पंचांग उघडले. त्या सालच्या श्रावणात पंचमी आणि पौर्णिमा यांच्यामध्ये सोमवार एकच पडत होता. तिने त्या ओळीवर माझे बोट ठेवले, इंग्रजी तारखेचा रकाना मला वाचावयास लावला, आणि मग ती तारीख त्या बाईला मोठ्याने सांगितली. ती तारीख त्या माउलीने चार वेळा म्हणून पाहिली; अगदी एखाद्या नव्या मंत्रासारखी. आपल्या मुलाचा दिवस जगाच्या हिशेबातही कोठे तरी आहे हे तिला त्या क्षणी प्रथम कळत होते. उतरताना आजी एवढेच म्हणाली, “तू काल तिचा तो दिवस पुसून टाकला होतास.” त्यानंतर मी सरकारी नोकरीत जन्म काढला, सहस्रावधी कागदांवर सह्या केल्या; परंतु रकाना भरताना ते वाक्य ऐकू आले नाही असा कागद मला आठवत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या अट्टहासाने काय साधले? तारीख चार महिने इकडेतिकडे झाली म्हणून कोणाचे काय अडते? याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, आणि १९४९ साली ते पंधरा झाले. कायदा झाला तरी खोऱ्यात वय ठरत असे ते शाळेच्या दाखल्यावरून. गावातील एक संपन्न गृहस्थ, ज्यांच्या देणगीतून शाळेचे छप्पर घातले गेले होते, एके सायंकाळी आमच्या ओसरीवर आले, आणि मुलीचे स्थळ जमत आहे, तेव्हा दाखल्यावर दोन वर्षे वाढवून द्यावीत असे त्यांनी सहज, जणू तांब्याभर पाणी मागावे तसे, मागितले. आजीने पाणी दिले. मग म्हणाली, “काका, तिच्या जन्माच्या दिवशी तुम्ही पेढे वाटले होते. ते खाल्लेली माणसे अजून गावात आहेत.” लग्न दोन वर्षांनी झाले. मधल्या काळात ती मुलगी सातवी पास झाली, आणि पुढे याच तालुक्यात तिने शिक्षिकेची नोकरी केली. छपराची दुरुस्ती मात्र पुष्कळ वर्षे झाली नाही, आणि पावसाळ्यात आम्ही पाट्या डोक्यावर धरून बसत होतो.

तिची ही अचूकता केवळ दप्तरापुरती नव्हती, हे १ एप्रिल १९५७ नंतर साऱ्या बाजाराने पाहिले. त्या दिवसापासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. ज्या बाईने पंचवीस वर्षे पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी मुलांकडून तालासुरात म्हणवून घेतली होती, तिच्या शिकवण्याचा मोठा भाग एका हुकुमाने कालबाह्य झाला. त्याविषयी ती कधी हळहळली नाही. तिला चिंता होती ती बाजारात अंडी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांची. आण्याचे खरे मोल सव्वासहा नये पैसे, परंतु पाव पैसा देता येत नसल्यामुळे कोष्टकात आण्याला सहाच दिलेले होते. दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. म्हणजे आण्याआण्याने चार अंडी चार वेळा विकली तर चोवीस पैसे पदरी पडत आणि एकदम विकली तर पंचवीस. तो पाव पाव पैसा कोठे जातो हे ओळखणारे व्यापारी होते. तिने चौथीच्या मुली हाताशी धरल्या आणि दर बाजारी एकेका म्हातारीशेजारी एकेक मुलगी पाटी घेऊन बसवली. सबंध उन्हाळा हा क्रम चालला. त्या मुलींपैकी दोघी आज पुढल्या रांगेत बसलेल्या मला दिसत आहेत.

आता तिच्या स्वतःच्या तारखेविषयी. तिच्या सर्व्हिस बुकात जन्मतारीख होती १ जून. तिलाही कोणी तरी लहानपणी बोट धरून शाळेत नेले होते आणि तिच्याही रकान्यात कोणा मास्तरांनी तेच लिहिले होते. तिची आई शेवटच्या दुखण्यात असताना आजीने तिला तो प्रश्न विचारला, जो तिने शेकडो आयांना विचारला होता आणि स्वतःच्या आईला विचारावयाचा राहून गेला होता. उत्तर आले: दत्तजयंती, पाळण्याची आणि बाळाची वेळ एकच होती. म्हणजे रजिस्टरातल्या तारखेच्या आधीची मार्गशीर्षी पौर्णिमा. आजी सहा महिन्यांनी थोरली निघाली. याचा अर्थ नोकरीच्या दृष्टीने सरळ होता. तिची निवृत्ती १९६७ च्या मेअखेर व्हावयाची होती ती १९६६ च्या डिसेंबरातच होणे न्याय्य होते. तिने तशी दरखास्त केली. वय कमी करून मागणारे अर्ज कचेरीला नवीन नव्हते. वाढवून मागणारा अर्ज बहुधा पहिलाच असावा. लेखी पुराव्याच्या अभावी नोंदीत फेरफार करता येत नाही, असे उत्तर आले. आईचा शब्द हा पुरावा नव्हता.

तिने ते सहा महिने नोकरी केली, कारण हुकूम मोडणे तिच्या स्वभावात नव्हते. परंतु त्या महिन्यांचा पगार तिने घरखर्चात घातला नाही. तो एका पितळी डब्यात निराळा राहिला, आणि मे महिन्यात तिने कऱ्हाडहून एक जाड पत्र्याची कुलपाची पेटी आणवली. पावसाळ्यात वाळवी दप्तर खात असे, म्हणून. निवृत्तीच्या दिवशी साऱ्या जुन्या रजिस्टरांची चळत तिने स्वतःच्या हाताने त्या पेटीत लावली, आणि किल्ली नव्या मुख्याध्यापकांच्या हाती देऊन घरी आली.

त्याच साली ११ डिसेंबरला, सोमवारी, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. मी बारा वर्षांचा होतो. आमच्या पडवीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आम्ही वाचलो. थंडी, काळोख, धुळीचा वास, आणि खोऱ्याच्या पोटातून पुन्हा पुन्हा येणारा गडगडाट. जो तो धावत खळ्याकडे आला. तेथे माणसे एकमेकांना हाका मारीत होती आणि कोणाचे कोणाला ऐकू येत नव्हते. तेव्हा आजी खळ्याच्या तिवड्याला हात टेकून उभी राहिली, आणि शाळेत ज्या आवाजात घेत असे त्याच आवाजात तिने हजेरी घेण्यास प्रारंभ केला. पहिलीपासून, दाखल क्रमांकाच्या अनुक्रमाने, नाव, बापाचे नाव, आडनाव. नोकरी सुटून सहा महिने झाले होते. पट तिला पाठ होता. पहिली काही नावे हवेत गेली. मग काळोखातून एक बारीक आवाज आला, “हजर.” मग दुसरा. हळूहळू मोठी माणसे गप्प होत गेली, कारण आता प्रत्येकाला आपापल्या मुलाचे नाव ऐकावयाचे होते. दोन नावांना उत्तर आले नाही. एक मुलगा मामाच्या गावी गेला आहे असे त्याच्या चुलत्याने ओरडून सांगितले. दुसऱ्या नावासाठी ती थांबली, ते पुन्हा उच्चारले, आणि मग ज्या आळीत ते घर होते तिचे नाव घेतले. पाच-सहा जण कंदील घेऊन तिकडे पळाले. ती मुलगी आढ्याखाली सापडली. हात मोडला होता, श्वास चालू होता. आजी तोवर तिसरीच्या पटावर आली होती.

शाळेची इमारत बसली होती. आठ दिवसांनी ढिगारा उपसला तेव्हा पेटी मिळाली. झाकण चेपून आत गेले होते, आणि लोहाराने पहारीने ते उचकटल्यावर रजिस्टरे कोरडी निघाली.

त्यानंतर ती पुष्कळ जगली. सुटीत मी तिच्याकडे येई तेव्हा ओसरीवर कोणी ना कोणी बसलेले असे: कोणास दाखला हवा, कोणास पेन्शनीच्या कागदावर तारखेचा घोळ निस्तरावयाचा. तिची दृष्टी गेली तरी विचारणाऱ्याने बापाचे नाव सांगावे आणि तिने नक्षत्रापासून आरंभ करावा, हा क्रम टळला नाही. १९६२ च्या नव्या शुद्धलेखनाने काढून टाकलेले अनुस्वार तिने शाळेत तत्काळ सोडले; मला घातलेल्या पत्रांतून मात्र ‘गांव’ आणि ‘नांव’ यांवरचे टिंब शेवटपर्यंत राहिले. मी तिला त्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “ती पत्रे आजीची आहेत, बाईंची नाहीत.”

फाल्गुनात ती गेली. तिसऱ्या दिवशी मी नोंदीसाठी ग्रामपंचायतीत गेलो. तेथील लेखनिक तिचाच विद्यार्थी होता. नाव, पत्ता, दिनांक असे लिहीत तो वयाच्या रकान्यापाशी आला. पूर्ण झालेली वर्षे लिहावयाची होती. सर्व्हिस बुकाप्रमाणे एक आकडा होत होता. आणि दत्तजयंती होऊन गेली असल्यामुळे आजीच्या आईच्या शब्दाप्रमाणे त्याहून एक अधिक. मी सर्व्हिस बुक पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते पाहिले, मिटले, आणि माझ्याकडे परत सरकवले.

“बाईंची आई काय म्हणाली होती?” त्याने विचारले.

मी सांगितले. त्याने तो आकडा लिहिला. प्रथम अंकी, आणि मग अक्षरी.